पट्टेरी कर्दळ

गल्लीत तिला सगळे गड्डेवहिनी म्हणत. तिच्याकडून कुणी रिकाम्या हातानं परत जात नसे. चहा मिळो न मिळो, निघताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला कर्दळीचा एखादा गड्डा हातात पडायचाच. घरामागे जुनी झाडी होती. तिच्या सावलीच्या कडेकडेनं वहिनीनं कर्दळी जमवल्या होत्या. तांबड्या, पिवळ्या, ठिपक्यांच्या, काही पुरुषभर उंच तर काही गुडघ्याएवढ्या ठेंगण्या. शिवणयंत्रावर पडदे आणि अभ्रे शिवून डोळे शिणले की मागच्या दारानं त्यांच्यात शिरायचं, हा तिचा शिरस्ता. नवरा म्हणायचा, "ही हरवली तर पोलिसांत जाऊ नका, आधी चिखलात बघा."

एका वर्षी एका तांबड्या कर्दळीच्या पानावर पिवळे पट्टे उमटले. कुणी बारीक कुंचल्यानं ओढावेत, तसे शिरांना धरून. पट्टेरी पानांच्या जाती असतात आणि हौशी लोक त्यांच्यावर जीव टाकतात. अशी एक आपल्याकडे आपसूक निपजली म्हटल्यावर वहिनीला आकाश ठेंगणं झालं. तिनं गड्ड्याचे काप घेतले, प्रत्येकाला कोंबाचा एकतरी डोळा ठेवून, आणि गल्लीभर वाटले. पहिला काप अर्थात नणंदेला. नणंद त्याच गल्लीत राहायची. वयानं मोठी आणि मानापमानाला त्याहून मोठी.

पुढे ते पट्टे बाकीच्या कर्दळींवरही दिसू लागले. मग पानं आखडली, कडा करपल्या, फुलं दांड्यातच अडकून बसली. वहिनीनं खत घालून पाहिलं, पाणी वाढवलं, पाणी तोडलं. शेवटी रोपांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पानं पाठवली. तिथल्या बाईंचा फोन आला.

"हा विषाणू आहे. नवी जातबित काही नाही."

"मग फवारायचं काय?"

"फवारून जात नाही तो. गड्ड्यातच बसलेला असतो. तुम्ही काप घेताना सुरी कशी साफ करता?"

"फडक्याला पुसते की."

"रसातून पसरतो तो. पानांवरची मावा कीडही इकडून तिकडे नेते. लागलेली सगळी झाडं उपटून जाळा. आणि ज्यांना दिलीत, त्यांनाही तेच सांगा."

वहिनीनं फोन ठेवला. एक गड्डा कापायचा, सुरी पुसायची, दुसरा कापायचा. रोग घरात आला तो आला, पण त्याला हाताला धरून घरोघर तिनंच पोचवलं होतं. शिवण चुकली तर उसवता येते. इथे उसवायचं कुठून?

नवऱ्यानं कुदळ घेतली. थट्टा करायचं त्यालाही सुचलं नाही. दोघांनी मिळून रोग लागलेल्या सगळ्या कर्दळी खणल्या, सुकवल्या, जाळल्या. झाडीच्या पार पलीकडच्या टोकाला होत्या, त्या ठेंगण्या पिवळ्या तेवढ्या निरोगी निघाल्या. त्या वाचवायच्या तर गल्लीतली पट्टेरी कर्दळ जायलाच हवी होती.

वहिनी दारोदार हिंडली. किराणावाला हसला, "दिलेलं परत मागायचं असतं होय, वहिनी?" पेन्शनर मास्तर म्हणाले, "आमची तर ठणठणीत आहे. तुमचीच माती बिघडली असेल." शेजारीण "उपटते हं" म्हणाली आणि दोन दिवसांनी तिनं कर्दळीभोवती विटा लावल्या.

उरली नणंद. तिचं ऐकलं असतं तर गल्लीनंही ऐकलं असतं. तिच्या अंगणात पट्टेरी कर्दळीचं बेट झालं होतं. दांडे जोमदार, वर एक लालभडक फूलही. रोग अंगात मुरेपर्यंत झाड असंच देखणं दिसतं, हे कुणाला पटवणार?

"ताई, हे काढून टाकू या. दुसरं छान काहीतरी लावून देते."

"का गं? तुझं जळलं म्हणून माझंही जाळू?"

"तसं नाही हो. रोग आहे त्याला."

"रोग! मला दिलंस तेव्हा तर नवी जात होती."

खोटं तर तेही नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या घरची नवी सून आली. तिला माहेरी लावायला पट्टेरी कर्दळ हवी होती. वहिनीनं तिला सगळं सांगितलं, विषाणू, रस, मावा, सगळं. सून गोंधळून नणंदेकडे बघायला लागली.

"तिचं मनावर घेऊ नकोस," नणंद म्हणाली. "आयुष्यभर वाटून वाटून कंटाळलीय बिचारी." तिनं स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि एक गड्डा उपटून सरळ मधोमध चिरायला घेतला.

"ताई, डोळा कापला जाईल!" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"मग तूच काप. तुझा हात चांगला."

सुरी हातात आली. वहिनीनं उकळतं पाणी मागितलं, सुरी त्यात बराच वेळ धरली. गड्डाच रोगट, तिथे सुरी उकळून काय होणार, हे तिच्याइतकं त्या अंगणात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं डोळा सांभाळून काप घेतला. नणंदेनं ओलं फडकं पुढे केलं.

"उन्हात लावायची की सावलीत?" सुनेनं विचारलं.

"सकाळचं ऊन बघ," वहिनी म्हणाली. "आणि पाणी बेतानं."