सुभेदाराचा अंगठा आणि वानखेडेची पोटरी

कारखान्याचे किस्से म्हणजे माळ्यावरचं सामान. एक काढायला जावं तर चार डोक्यावर पडतात! परवा सुनेने जिम लावलं आणि काल मांड्या भरून आल्याने ती जिना उलटी उतरताना दिसली. मला एकदम एकाहत्तरची लढाई आठवली.

जबलपूरच्या आमच्या लष्करी सामानाच्या कारखान्यात तेव्हा बारा-बारा तासांच्या शिफ्टा चालत. हवाई हल्ला झालाच तर जखमींना उचलायला सेक्शनचं एक पथक केलं होतं. शिकवायला फौजेतून रिटायर झालेला एक सुभेदार आला. त्याचा सिद्धांत एकच: "दर्द नहीं, तो कसरत नहीं!"

रोज सकाळी तो आम्हाला रांगेत उभं करून एकेकाची पोटरी अंगठ्याने दाबायचा. जो ओरडला त्यानेच आदल्या दिवशी कसरत केली, असा हिशोब! रजिस्टरात चक्क 'दर्द' नावाचा कॉलम होता. त्यात 'है' किंवा 'नहीं' लिहायचं. रजिस्टर सांभाळायला मी, कारण सेक्शनचा क्लार्क.

* * *

आमचे हेडक्लार्क पाठकबाबू. पहिल्या दिवशी पन्नास बैठका मारल्या आणि दुसऱ्या दिवशी चेरीतालच्या घरून सायकलवर वेळेत आले. पण उतरता येईना! गेटसमोर चकरा मारू लागले.

दरबान म्हणाला, "बाबूजी, अंदर आइए ना!"

"अरे भैया, पहले पकड़ो तो!"

दिवसभर त्यांनी सह्या उभ्यानेच केल्या, कारण बसलं की उठवायला दोन माणसं लागत. आठवड्याने तर सुभेदाराचा अंगठा हातभर लांब असतानाच ते किंचाळले.

"अभी छुआ कहाँ?"

"साहब, याद से ही दर्द हो गया!"

* * *

खरी पंचाईत वानखेडेची होती. हा पॅकिंगमधला मजूर, अमरावतीकडचा. दिवसभर लाकडी पेट्या खांद्यावरून वाहायचा. नोकरी कच्ची, त्यामुळे क्वार्टर नाही. बायको आणि दोन वर्षांची मुलगी गावाकडे. पथकात 'पास' शेरा मिळाला की पक्क्या नोकरीच्या यादीत नाव जाणार होतं. बिचारा जीव तोडून कसरत करायचा.

आणि सकाळी सुभेदाराने पोटरी दाबली की खुदखुदून हसायचा. गुदगुल्या व्हायच्या त्याला!

"कामचोर!" सुभेदार गरजायचा. "लिखो, नहीं!"

मी लिहायचो.

* * *

शेवटी आम्ही त्याला कँटीनमध्ये कण्हायला शिकवलं. पाठकबाबू गुरू! त्यांनी असा काही हुंकार दिला की चहावाला पाणी घेऊन धावत आला.

वानखेडे मान हलवत बसला. "दुखूनच नाही राहिलं बाबूजी, तर काहून बोंबलू?"

"अरे, पोरीसाठी बोंबल!"

"पोरीसाठीच नाही म्हणून राहिलो जी. उद्या तिनं विचारलं, बाबा, नोकरी कशी लागली, तर काय सांगू? खोटं कण्हलो म्हणून?"

मला त्या माणसाचा राग आला आणि हेवाही वाटला.

* * *

एकदा सायरनची तालीम झाली. भोंगा वाजताच आम्ही सगळ्यांनी धडाधड खंदकात उड्या घेतल्या. सुभेदार खूश! मग धोका टळल्याचा भोंगा वाजला, पण वर कोणीच येईना. मांड्या उचलतच नव्हत्या! वानखेडेने एकेकाच्या काखेत हात घालून आम्हाला वर काढलं. सगळे बाहेर पडल्यावर सुभेदाराने त्याची पोटरी दाबली. वानखेडे हसला.

"लिखो, नहीं!"

* * *

दवाखान्यातल्या कंपाउंडरने सुभेदाराला समजावून पाहिलं. "साहब, जिसको रोज की आदत है, उसका बदन नहीं दुखता. वो तो पक्का हो गया है."

सुभेदार म्हणाला, "दवाई तुम देखो. दर्द हम देखेंगे!"

* * *

मग कारखान्याचे बडे साहेब पथक बघायला येणार असं कळलं. दर्द कमी पडू नये म्हणून सुभेदाराने आदल्या संध्याकाळी आमच्याकडून शंभर बैठका काढून घेतल्या. स्ट्रेचरला आम्ही चौघे 'है' वाले. वानखेडे 'नहीं' वाला, म्हणून त्याला पाण्याची बादली देऊन बाजूला उभं केलं.

जखमी म्हणून खुद्द सुभेदार स्ट्रेचरवर आडवा झाला. देह चांगला भरभक्कम! आम्ही स्ट्रेचर धरायला खाली बसलो ते बसलोच. पाठकबाबू "देवा रे" म्हणाले आणि सुभेदाराच्या पोटावरच पडले.

बडे साहेब घड्याळ बघू लागले. तेवढ्यात वानखेडेने बादली खाली ठेवली. तो आला, पाठकबाबूंना बाजूला केलं, पेटी उचलावी तसं सुभेदाराला खांद्यावर घेतलं आणि धावत सुटला. सुभेदार उलटा लटकून ओरडत होता, "रुको! रुको!" जखमी माणूस ओरडणारच, असं समजून वानखेडे जास्तच जोरात पळाला. मैदानाच्या टोकाला जखमींसाठी तंबू होता, तिथे जाऊन त्याने सुभेदाराला अलगद खाली ठेवलं.

दुसऱ्या सकाळी यादी वर जायची होती. सुभेदार उशिरा आला, एक हात कमरेवर. वानखेडेपुढे कसाबसा वाकला आणि त्याने पोटरी दाबली. वानखेडेने ओठ दाबून धरले, तरी खुदकन हसू फुटलंच.

सुभेदाराला वर उठता येईना. वानखेडेनेच त्याला काखेत हात घालून उभं केलं. माझ्या हातातलं रजिस्टर सुभेदाराने ओढून घेतलं, स्वतः लिहिलं आणि कंबर धरून निघून गेला.

वानखेडेच्या नावापुढे लिहिलं होतं: "दर्द – सूबेदार को है. पास."