इंदापूरला गेलेला बूट

बिस्किटांच्या कारखान्यात मी माल चढवायला लागले तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. नव्वद सालानंतरची गोष्ट. बारामतीच्या एमआयडीसीत नवेनवे कारखाने उभे राहत होते आणि आमच्या सांगवीतून चार-पाच बाया तिकडे जायला लागल्या होत्या. त्याआधी वीस वर्षं मी लोकांच्या उसात खुरपलं. खुरपण्याला कोणी नोकरी म्हणत नाही. बोलावलं तर काम, नाही बोलावलं तर घरी. आमच्या मालकांचा, माझ्या नवऱ्याचा, पाय ट्रॉलीखाली सापडला आणि ते कायमचे घरी बसले, तेव्हापासून न बोलावलेले दिवस मला परवडेनात. कारखान्यात सहा महिने कच्ची, मग पक्की, अशी रीत होती. पक्की झाली की रोज काम आणि डोक्यावर पत्रा. मला तेवढंच पाहिजे होतं.

सहा महिन्यांत तीन चुका झाल्या की घरी, असं सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी सांगितलं. चूक कशाला म्हणायचं ते सांगितलं नाही. त्यामुळे मी सगळ्यालाच भ्यायचे. बॉक्स जोरात ठेवला तर भ्यायचे, हळू ठेवला तरी भ्यायचे, कारण हळू म्हणजे कामचुकार. संडासला जायचं तर आधी दोनदा इकडेतिकडे बघायचे. एसटीत बसले की दिवसभरात काय काय केलं ते मनात पुन्हा करून बघायचे. सांगवी यायची आणि माझा अर्धाच माल चढवून झालेला असायचा.

दोन चुका पहिल्या तीन महिन्यांतच लागल्या. एकदा बाणाची बाजू खाली करून सहा बॉक्स रचले. मी चौथी शिकलेली, अक्षरं लावता येतात, पण बाण वाचायला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांदा धुतलेल्या फरशीवर बॉक्स टेकवला आणि त्याचं बूड भिजलं. दोन्ही वेळा सुपरवायझरनं खिशातली वही काढून लिहून घेतलं. पोरगेला माणूस, माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. पण त्यानं वही काढली की मी हातातला बॉक्स खाली ठेवून उभी राहायचे.

आता बुटांचं सांगते. कारखान्यानं सगळ्यांना काळे कापडी बूट दिले होते. आत पांढऱ्या रंगानं प्रत्येकीचा नंबर घातलेला. माझा एक्केचाळीस. माल चढवताना बूट घालायचेच, असा नियम. पण गाडीत खालचे थर भरले की वरचे रचायला खालच्या बॉक्सांवर चढावं लागतं. आणि बॉक्सात बिस्किटं. खळ्यावर धान्याची रास असली तर आम्ही चपला लांब काढून ठेवून आत जातो. पाखडताना एखादा दाणा पायाखाली आला तरी हात लावून पाया पडतो. ते काही मी ठरवून करत नव्हते. बॉक्सावर चढायची वेळ आली की पाय आपोआप बुटातून निघायचा. बूट गाडीच्या मागच्या कडेला ठेवायचे, अनवाणी चढायचे, उतरले की घालायचे. कोणाचं लक्ष नव्हतं. माझ्याबरोबर कऱ्हाटीची एक बाई होती, तिचं होतं.

"तुझं हे सोवळं एक दिवस तुला घरी बसवल," ती म्हणायची.

ती माझ्याआधी दोन वर्षं लागलेली, पक्की. तिला बोलायला काय जातं?

सहावा महिना सरत आला होता, त्या दिवशी टेम्पो उशिरा लागला. इंदापूर, टेंभुर्णी, अकलूज असा माल होता. लांबचा माल आधी आत जातो, जवळचा शेवटी, म्हणजे उतरवताना उलटं होत नाही. इंदापूरचा माल सगळ्यात शेवटी मागच्या कडेला आला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, सुपरवायझर ओरडत होता, खालून बाया भराभर बॉक्स देत होत्या. मी उडी मारून उतरले, कडेवरचा एक बूट घेतला आणि दुसऱ्यासाठी हात घातला तर तिथं बॉक्सांची भिंत. तोवर ताडपत्री पडली होती. दोरी आवळली. टेम्पो गेला. मी एक बूट हातात धरून उभी.

ओरडले नाही. ओरडले असते तर टेम्पो थांबला असता, ताडपत्री सोडावी लागली असती, आणि वही निघाली असती. म्हणून गप्प बसले. आता वाटतं तेव्हाच ओरडायला पाहिजे होतं. पण भ्यालेल्या माणसाला जवळची वही दिसते, लांबची दिसत नाही.

कऱ्हाटीची बाई माझ्या हाताकडे बघून हसायला लागली. "एक घेऊन कुठं निघालीस? लंगडी खेळायची का?"

"गप बस. दुसरा आत गेला."

"आत? मालात?" तिचं हसू थांबलं. "अगं, नंबर हाय की त्यावर!"

तेच तर होतं. नुसता बूट निघाला असता तर कोणाचाही म्हणता आला असता. एक्केचाळीस नंबर म्हणजे मी. खायच्या मालात पायताण, याहून मोठी चूक कारखान्यात दुसरी कोणती असणार?

तिनं मला बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या एका बाईचे बूट काढून दिले. ते बोटभर लहान होते. पुढचे दोन दिवस मी ते घालून उभी राहिले. घरी जाऊन बघितलं तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडलेली. मालकांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, बॉक्स पडला. त्यांना सांगून उपयोग नव्हता. ते म्हणाले असते, सोड ती नोकरी. सोडून काय करायचं, ते त्यांना सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी आठवड्याची सुट्टी होती. बूट मागच्या ओळीत अडकला, मागची ओळ इंदापूरची, म्हणजे बूट इंदापूरलाच उतरला असणार, एवढा हिशेब मी केला होता. माझं माहेर इंदापूरजवळच्या वरकुट्याचं, त्यामुळे इंदापूर माहितीतलं. घरी सांगितलं की आईला बघून येते. आईकडे गेलेच नाही. बारामतीहून एसटीनं इंदापूरला उतरले आणि विचारत विचारत आमची बिस्किटं घेणाऱ्या व्यापाऱ्याचं दुकान गाठलं.

शेठ गादीवर बसले होते. एक म्हातारा हमाल पोत्याला टेकून तंबाखू मळत होता.

"काय पाहिजे, बाई?" शेठनं विचारलं.

"बूट."

"चपलांचं दुकान पलीकडं. कोपऱ्यावर."

"नवा न्हाय वो. माझाच हाय. तुमच्याकडं आलाय, बिस्किटांबरोबर."

हमालानं मळायचं थांबवलं. "शेठ, ही बगा बूटवाली आली! दुसरा पाय संगं आणलाय का, बाई? जोडी जुळते का बगू."

मी पिशवीतून दुसरा बूट काढून दाखवला. हमाल इतका हसला की त्याला ठसका लागला. शेठ हसले नाहीत.

"बाई, चार गिऱ्हाईकं उभी होती. त्यांच्यासमोर बॉक्सांमधनं खेटर निघालं. एकानं माल न घेता काढता पाय घेतला. मी काय सांगायचं लोकांना?"

"चुकलं माझं. बूट द्या, मी जाते."

"तो कधीच गेला. तुटक्या मालाच्या खोक्यात घालून काल परत पाठवला. बरोबर चिठ्ठी दिलीय."

"चिठ्ठीत काय लिव्हलंय?"

"निघालं ते लिहिलंय."

बूट पिशवीत टाकला. मी निघाले तेव्हा हमालानं मागून सांगितलं, "बाई, खोकं सुतळीनं बांधलंय. टेप न्हाय लावली." त्याला काय सुचवायचं होतं ते मला कळलं.

परतीच्या एसटीत जागा मिळाली नाही. भिगवणच्या फाट्यापर्यंत उभीच होते. परत आलेला माल कारखान्यात शेडच्या मागं ठेवतात आणि सुपरवायझर सकाळी चहा झाल्यावर तो उघडतो, हे मला माहीत होतं. म्हणजे लवकर गेलं तर अर्धा तास मिळतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेले. शेडमागं खोकं होतं, वर इंदापूर लिहिलेलं. मी खाली बसले, सुतळीच्या गाठीला हात घातला. गाठ सैल होती. तेवढ्यात वॉचमन टाकीपाशी तोंड धुवायला आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. परत आलेलं खोकं उघडणं म्हणजे चोरी. मी हात काढला. मी प्रामाणिक म्हणून थांबले असं कोणाला वाटायला नको. तो तिथं आला म्हणून थांबले.

मग वाटलं, आता कोणीतरी उघडणारच, तर आपणच सांगावं. सुपरवायझर यायच्या आधी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. तो आला. मी सगळं सांगितलं, लहान बुटांसकट आणि इंदापूरसकट. तो बाहेर जाऊन खोकं घेऊन आला, उघडलं, बूट टेबलावर ठेवला आणि चिठ्ठी वाचली.

"बूट काढलाच कशाला?"

"बॉक्सावर चढायचं हुतं."

"मग?"

"आत खायचं असतंय. अन्नावर पायताण कसं ठिवायचं?"

"पाय तर ठेवलाच ना?"

"पाय ठिवला. पायताण न्हाय."

त्यानं कपाळ चोळलं. रात्रपाळीच्या माणसासारखा दमलेला दिसत होता. "मावशी, हितं अन्न नाही, माल आहे. बॉक्साची पिन अनवाणी पायात गेली तर मला विचारतात. मालात बूट निघाला तरी मलाच विचारतात." मग त्यानं वही काढली. मी बघत राहिले. लिहून झाल्यावर म्हणाला, "काढत नाही तुम्हाला. स्वतः येऊन सांगितलं म्हणून. पण अजून तीन महिने कच्च्याच. आणि बूट पायातून निघालेला दिसला तर उद्यापासून यायचं नाही."

"व्हय, साहेब."

वॉचमनचं मी सांगितलं नाही. सुपरवायझरनं विचारलं नव्हतं.

दुपारी टेम्पो लागला. खालचे थर भरले, वर चढायची वेळ आली. सवयीनं टाच वर उचलली गेली. शेडच्या दारात सुपरवायझर उभा होता. मी टाच पुन्हा बुटात दाबली आणि चढले. पुठ्ठा बुटाखाली करकरला. आतले पुडे दबल्यासारखे वाटले, दबले नसतीलही. खालून कऱ्हाटीची बाई बॉक्स वर देत होती.

"काय गं, लागलं का पाप?"

"लागलं की सांगते. तू बॉक्स दे."

तीन महिन्यांनी पक्की झाले आणि पुढं अकरा वर्षं बूट घालूनच चढले. मन तयार झालं म्हणून नाही, रोज रोज ते विचारायला वेळ नव्हता म्हणून. घरी मात्र बिस्किटाचा पुडा जमिनीवर दिसला की अजून उचलून वर ठेवते.