चौकटीवरच्या रेघा

"आधी शब्द फोडा, मग भ्या," असं ते म्हणत आणि खिशातला खडू चाचपत.

श्रीरामपूरला आमच्या शेजारी राहणारे हे गृहस्थ घरोघर देवीची लस टोचत. डॉक्टर नव्हते, पण गाव त्यांना देवीडॉक्टर म्हणे. तुमच्याही गावात असा कोणी असेल, ज्याच्या सायकलची घंटा ऐकून पोरं माळ्यावर चढत. मिशनच्या शाळेत शिकलेले. इंग्रजी शब्द कुठून आला, हे सांगण्याची त्यांना भारी हौस.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मागच्या गल्लीत एका मुलीला देवी निघाल्या. आदल्याच दिवशी आमची सहा वर्षांची शशी तिच्याशी सागरगोटे खेळून आली होती. शशीला लहानपणी टोचलेलं उठलंच नव्हतं. दंडावर वण नव्हता. देवीडॉक्टरांनी तिला लगेच टोचलं.

"आता क्वारंटाईन. पोरगी उंबऱ्याबाहेर न्हाई."

तो शब्द ऐकूनच मी दाराला कडी घातली.

"फोडू या," म्हणत ते ओट्यावर टेकले. "पूर्वी इटलीत रोगाच्या गावाहून जहाज आलं की बंदराबाहेरच थांबवत. चाळीस दिवस. त्यांच्या बोलीत क्वारंता म्हणजे चाळीस. एवढंच हाय त्यात."

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. आकडा हाती आला की मला धीर येतो. मी चाळीस धरून बसलो.

रोज सकाळी साडेसातला ते येत. शशीचं कपाळ, तळहात, घसा बघत. "ताप?" "नाही." मग चौकटीवर खडूची एक रेघ.

नवव्या दिवशी तिचं अंग तापलं. ते कितीतरी वेळ तिचा दंड बघत राहिले.

"भाऊ, बोला की कायतरी," बायको रडवेली झाली.

"टोचलेलं उठलंय, वहिनी. त्याचाच ताप हाय. काळजी न्हाई." त्यांनी रेघ ओढली आणि चहा न घेताच गेले. दोन दिवसांनी ताप उतरला.

सतराव्या दिवशी ते म्हणाले, "काटेवाले, सुटली पोरगी. खेळू द्या."

"चाळीस कुठे झाले?"

"अहो, चाळीस त्या जहाजांचे! देवीला सोळा बास."

"शब्द तुम्हीच फोडलात."

"ह्यांच्या काट्यावर कमी भरलं की न्हाई चालत," बायको म्हणाली. ते हसले नाहीत. "बरं, तुमच्या भीतीला चाळीस लागत असतील, तर चाळीस," म्हणाले, आणि येत राहिले.

तिसाव्या दिवशी त्यांना पाथर्डीकडे पाठवलं. तिकडेही देवी निघाल्या होत्या. जाताना त्यांनी चौकटीवर खाली दहा रेघा एकदम ओढल्या. "रोज कपाळ बघा आणि एक पुसा."

चाळिसाव्या दिवशी मी दहावी पुसली, कडी काढली. शशी धावत सुटली. उरलेल्या तीस पुसायला ओलं फडकं घेतलं, आणि सवयीने आधी मोजल्या. सगळ्या सरळ, एका मापाच्या. फक्त नववी कापत, नागमोडी खाली उतरली होती.

ते पुन्हा श्रीरामपूरला आले नाहीत. ती एक रेघ मी पुसली नाही.