डाव्या कानाचा व्हॉल्व

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते न जमलेल्या व्हॉल्वसारखे साठतात. एक लावून पाहिला, जमला नाही, खणात टाकला. दुसरा मागवला, तोही खणात. मग एक दिवस खण उघडत नाही म्हणून जोर लावावा, तर सगळं मांडीवर! माझा खण सध्या अडकलाय.

आम्ही तिघे. मी पेणचा, कचेरीतून निवृत्त झालेला कारकून; सगळे तात्या म्हणतात. इक्बालभाई पेणचेच, पण उमर कुवेतला घालवून परतलेले. आणि रोह्याचे भाऊ म्हात्रे, कंपनीच्या सेफ्टी खात्यातून निवृत्त. ज्या वयात माणसं गुडघे बदलतात त्या वयात आम्ही व्हॉल्व बदलतो.

व्हॉल्व म्हणजे जुन्या रेडिओत लालसर पेटायची ती काचेची बाटली. तसल्या दोन बाटल्या डोक्यावर घेतलेला एक छोटा ॲम्प इक्बालभाईंनी कुवेतहून आणला आणि भाऊंना दिला. त्याला हेडफोन लावायचा. एक व्हॉल्व डाव्या कानाचा, एक उजव्या कानाचा.

भाऊंना त्यावर एकच गोष्ट ऐकायची असते. त्यांची आई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणायचा मान तिचा. ती गायल्याशिवाय हळद पुढे सरकायची नाही. इक्बालभाई पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा नवाकोरा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डर, घेऊन गडबच्या एका हळदीला गेले होते. तांदळाच्या पोत्यावर तो ठेवला आणि बटण दाबलं. डाव्या माइकसमोर भाऊंची आई, उजव्या माइकसमोर तिच्या मागून गाणाऱ्या बाया. त्या माउलीचा आवाज जगात उरलाय तो एवढाच.

आणि नेमका तोच कमी यायला लागला. उजवीकडे बाया खणखणीत, डावीकडे आई दूर शेताच्या बांधावर. भाऊंचा फोन आला : “तात्या, डावा व्हॉल्व गेला. आय लांब गेली.”

तिथून आमच्या पेण-रोहा वाऱ्यांना जी सुरुवात झाली ती झालीच!

*

पहिला व्हॉल्व दुबईहून आला. इक्बालभाईंच्या चुलतभावाने पाठवलेला. “जुना जर्मन माल हाय भाऊ, असली,” इक्बालभाई म्हणाले. काचेवर सोनेरी अक्षरं, बाजूला किल्ल्याचं चित्र. भाऊंनी तो नव्या नवरीसारखा हातात घेतला आणि धोतराच्या सोग्याने जरा पुसला.

अक्षरं गेली. किल्लाही गेला.

भाऊ सोनेरी झालेला अंगठा न्याहाळत म्हणाले, “इक्बाल, जर्मनी माझ्या अंगठ्याला लागली.”

*

मग गडब. हायवेला एक भंगारवाला आहे. त्याच्याकडे जुन्या रेडिओंची रास, त्यात व्हॉल्व. आम्ही घरून नंबर लिहून नेला होता. तो नंबर काही सापडेना. भंगारवाला म्हणाला, “नंबर कशाला बघताय? नऊ पिना, नऊ भोकं. बसला का चालला!”

आपल्याकडची निम्मी लग्नं याच तत्त्वावर ठरतात, म्हणून आम्हालाही ते पटलं. रोह्याला येऊन लावला. छान बसला. एकदा डोळा मारावा तसा लखलखला, आतून जळक्या वायरीचा वास आला आणि सगळं थंड.

पिना सारख्या असतात. आत कुठली तार कुठे गेलीय ते प्रत्येकाचं वेगळं. हे आम्हाला ॲम्प दुरुस्तीला टाकल्यावर कळलं. लग्नातही तसंच उशिरा कळतं.

*

पुढचा व्हॉल्व रशियन. नंबर जवळचा, तारा त्याच. फक्त तापायला करंट जास्त लागायचा. कचेरीत बदली माणूस येतो ना, खुर्ची तीच, टेबल तेच, पण चहा दुप्पट पितो, तसला. लावला. आवाज बरा होता, पण तासाभरात ॲम्प असा तापला की हात लावायची सोय नाही.

“काढा तो,” मी म्हटलं. “ट्रान्सफॉर्मर जळेल.”

तेवढ्यात भाऊंच्या पत्नी कुसुमवहिनी ताट घेऊन आल्या. बाहेर चार दिवस ऊन नव्हतं. त्यांनी न विचारता ॲम्पच्या डोक्याजवळ पोह्याचे पापड मांडले. बघता बघता कडक!

भाऊ म्हणाले, “आय अजून लांबच हाय. काढतो मी हा.”

“आवाजाचं मला काय कळत नाय,” वहिनी म्हणाल्या, “पन हाच ठेवा.”

*

त्यानंतर ॲम्प तपासणीसाठी माझ्याकडे पेणला आला. माझ्या मागच्या खिडकीला लागून गणपतीचा कारखाना. ॲम्प लावला की दोन्ही कानांत घूंऽऽ. व्हॉल्व बदलले, वायरी बदलल्या, घूं कायम. शेवटी गणेश चतुर्थीला सकाळीच इक्बालभाई शिरखुर्म्याच्या डब्यातून व्हॉल्वची एक जोडी घेऊन आले. लावली आणि काय सांगू, चिडीचूप!

“खानदानी हाय,” इक्बालभाई म्हणाले. आम्ही दोघांनी मोदक खाल्ले. खानदानी जोडीची कीर्ती रोह्यापर्यंत गेली.

पुढल्या वर्षाच्या मूर्तींचं काम सुरू झालं त्या दिवशी खानदानी जोडी घूं करायला लागली. मी खिडकीतून पाहिलं, तर कारखान्यात रंगाचा कंप्रेसर चालू.

इक्बालभाईंनीही खिडकीतून डोकावून पाहिलं. मग म्हणाले, “तात्या, बाकी कायपण बोला, पण सनासुदीला जोडी गप्प राहिली. एवढी समज आजकाल मानसांत तरी हाय काय?”

*

इक्बालभाईंनीच मग शहाणपणाची गोष्ट सुचवली. डावीकडचा व्हॉल्व उजवीकडे लावा, उजवीकडचा डावीकडे. व्हॉल्व नासका असेल तर दुखणं त्याच्याबरोबर जाईल.

अदलाबदल केली. भाऊंनी हेडफोन चढवला. आम्ही श्वास रोखून.

“बाया जवळ. आय लांब.”

“म्हणजे व्हॉल्वचा दोष नाही,” मी म्हटलं.

“नाय कसा?” भाऊ उसळले. “म्हंजे दोन्ही गेलेत!”

नवी जोडी मागवली.

“हेडफोन तरी एकदा उलटा घालून बघा,” इक्बालभाई चाचरत म्हणाले.

भाऊंनी हेडफोनवरचं अक्षर दाखवलं. “एल. लेफ्ट. लिवलेलं उलटं घालायचं नाय. कंपनीत यावरून मानसं मेल्यात!” मीही जन्मभर लिहिलेल्याला मान दिलेला माणूस. मान डोलावली.

*

भाऊंच्या घरी झोपाळा आहे. भाऊ बसतात, वहिनी डाव्या हाताला बसतात. वहिनी काही विचारतात, भाऊ उत्तर देत नाहीत. आम्हाला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली की कोण उत्तर देतं?

नवी जोडी आली त्या दुपारी आम्ही तिघे झोपाळ्यापाशी. भाऊ हेडफोन लावून बसले, बराच वेळ. मग काढून मांडीवर ठेवला.

“व्हॉल्वचं काय नाय,” ते म्हणाले. “आयच पुसत चालली. फार वाजवली मी. आता नाय लावायची. हाय तेवढी तरी राहील.”

इक्बालभाई खाली बघत राहिले. रेकॉर्डिंग त्यांच्या हातचं.

“बघू, मला द्या,” वहिनी म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी पदर सावरून हेडफोन चढवला, क्षणभर ऐकलं.

“अगो बाई! सासूबाई तर कानात बसल्यात. कुठं पुसल्यात?”

आणि तसाच काढून, गडबडीत, अक्षरबिक्षर न बघता त्यांनी तो भाऊंच्या डोक्यावर घातला.

“उलटा घातलास, एल इकडं—” भाऊ म्हणाले आणि थांबले.

त्यांचा हात हवेत तसाच राहिला. झोपाळा थांबला. ओठ हलायला लागले. धवल्याची ओळ होती, आईच्या बरोबरीने. डावीकडे आलेल्या बाया आता कुठल्या कुठे गेल्या होत्या. त्यांची भाऊंना पर्वा नव्हती.

गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन काढला, दोन्ही बाजूंची अक्षरं नीट पाहिली आणि तो मांडीवर ठेवला.

“जेवायला वाढू काय?” वहिनींनी डावीकडून विचारलं.

भाऊ समोर बघत राहिले.

वहिनी उठल्या. झोपाळ्याला वळसा घालून उजव्या हाताला येऊन बसल्या.

“जेवायला वाढू काय?”

“वाढ की,” भाऊ म्हणाले. “मगाशीच इचारायचंस!”