नको म्हणण्याचा व्यायाम

बाई मंगळवारी सकाळी गेल्या. दुपारी त्यांना अमरधामच्या स्मशानात नेलं. बुधवारी दवाखाना उघडला नाही.

नाशकात ज्यांच्या माना सरळ आहेत, त्यांतल्या निम्म्या तरी बाईंनी केलेल्या आहेत, असं माझं मत आहे. पंचवटीत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या मान आणि पाठ दुखणाऱ्यांना व्यायाम शिकवत. रस्त्यात भेटलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे त्या बघतच नसत. मानेकडे बघत आणि ओळखही तिच्यावरूनच ठेवत. लग्नाला गेल्या तर आधी नवरदेवाचे खांदे मागे ओढत, मग त्याच्या हातात फुलं देत. बरे झालेले पेशंट पाया पडायला कमरेतून वाकले, की त्या पाय मागे घेत. "गुडघ्यातून वाका. नाहीतर आशीर्वाद नाही."

त्यांचा आवडता व्यायाम म्हणजे हनुवटी सरळ मागे घेणं. त्याला इंग्रजी नाव आहे, ते त्यांनी कधी उच्चारलं नाही. पंगतीत पोट भरल्यावर वाढपी जिलेबी घेऊन तोंडाशी आला, की माणूस मान न वाकवता जसा मागे सरतो, तेच त्यांना हवं असे. म्हणून त्या चिमटीत नसलेली जिलेबी धरून "एक घ्याच, माझ्यासाठी" असा आग्रह करत, आणि पेशंटनं मागे व्हायचं. निफाडकडची एक बाई यायची. द्राक्षबागेत दिवसभर वर बघून घडांतले मणी विरळ करताना तिची मान धरली होती. तिनं पुढे होऊन तोंड उघडलं. पुन्हा समजावलं, पुन्हा तेच. शेवटी ती म्हणाली, "लग्नातल्या घासानंतर आज तुम्हीच भरवताय बाई. नाय कसं म्हणू?" बाईंनी व्यायाम थांबवून आपल्या डब्यातला घास तिला खरोखरच भरवला. पुढच्या खेपेपासून तिच्यापुरतं चिमटीत कारलं आलं.

मी पुस्तकांची मुद्रितं तपासतो. मानेतली शीर दबल्यामुळे माझ्या उजव्या हातातून पेन निसटायचं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला, पण सहा आठवडे व्यायाम करून बघायला तेही तयार झाले. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ताकद आणखी कमी झाली तर मीच तुम्हाला ऑपरेशनला घेऊन जाईन. तेव्हा रुसायचं नाही." मग रोज त्या आपली दोन बोटं पुढे करत आणि दाबायला सांगत. मी सगळा जोर लावायचो, आणि त्या खिडकीबाहेर बघत विचारायच्या, सुरुवात कधी करताय? मी कसंनुसं हसायचो. एकदा मात्र परतताना रिक्षात मला रडू आलं; पेन सुटलं तर दुसरं काम मला येत नव्हतं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी बोटं झटकन ओढून घेतली.

"आई गं," त्या म्हणाल्या, आणि लाल झालेली बोटं शेजारच्या खोलीतल्या सगळ्या पेशंटना दाखवून आल्या.

ऑपरेशन टळलं. हाताला पकड आहे. हे त्याच हातानं लिहिलं. करंगळीचं टोक अजून बधिर आहे. ते तसंच राहील, असं बाईंनी सांगितलं होतं.