खोटा कोयता, खरी पहार

दगडूबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाटोद्याच्या बाजारात ज्वारी घेत होतो. पिशवी तिथंच विसरून एसटीत बसलो... त्याला आता महिना होत आला. मी आमच्या गावच्या सोसायटीचा सचिव आणि ते राखणदार. फौजेतून निवृत्त झालेले, परवान्याची बंदूक बाळगणारे. वयानं मोठे असूनही मला ‘सचिवसाब’ म्हणायचे.

दुष्काळात सोसायटीनं चारा डेपो काढला आणि कडब्याच्या चोऱ्या सुरू झाल्या. तेव्हा राखणीला उभं राहण्याआधी हा माणूस वकिलाकडं गेला. जीव वाचवायला गोळी झाडावी लागलीच, तर त्यानंतर काय करायचं, हे विचारायला. लोक माझ्याकडं नंतर येतात, आधी येणारे तुम्ही पहिलेच, असं वकील म्हणाले म्हणे. परत आल्यावर दगडूबा रोज सकाळी ते सारं पाठ म्हणत. बंदूक खाली ठेवायची, जखमीला बघायचं, पोलिसांना आपणच कळवायचं, कशाला हात लावायचा नाही, घडलं तेवढंच सांगायचं. मी चिडवायचो, ‘बाजारात तुरी, दगडूबा.’ ते नुसते हसायचे.

आणि एका भर दुपारी गोळीचा आवाज झाला. मी कचेरीतून धावत गेलो तर एक टेम्पो धुरळा उडवत पळत होता. दगडूबांच्या डोक्यातून रक्त वाहत होतं, समोर एकजण मांडी धरून विव्हळत पडला होता. त्यानं पहारीचा एक घाव घातला होता; दुसऱ्या घावासाठी पहार उचलली तेव्हा दगडूबांनी गोळी झाडली. पण ती पहार साथीदारांनी टेम्पोतून नेली होती. म्हणजे रिकाम्या हाताच्या माणसावर गोळी झाडली, असंच कुणीही म्हणणार. दगडूबांची उरलेली वर्षं तुरुंगात जाणार, एवढंच मला दिसलं. गोदामाच्या भिंतीवरचा कोयता काढून मी त्या माणसाच्या हाताजवळ ठेवायला वाकलो.

दगडूबा स्वतःच्या फेट्यानं त्याची मांडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, ‘हे काहून करता, सचिवसाब? पहार होती, कोयता न्हाई. खोट्या कोयत्यापायी माझी खरी पहार बी जाईल.’

‘पण पहार हाय कुठं?’

‘सापडंल. न्हाई सापडली तर जाईन आत. कोयता टांगा जागेवर. अन् तुमी तो उचलला, ते बी जबाबात सांगा.’

मग जिथं त्यांचं स्वतःचं रक्त सांडलं होतं, तिथं गुरांचा पाय पडू नये म्हणून माझ्याकडून घमेलं पालथं घालून घेतलं. इतकं डोकं फुटलेलं असताना एवढं भान!

पहार पुढं टेम्पोत सापडली, रक्ताच्या डागांसकट. तरी खटला वर्षानुवर्षं चालला. जागेवरच्या कशाला हात लावला होता का, असं सरकारी वकिलांनी मला विचारलं. भर कोर्टात कोयत्याची हकिकत सांगताना माझे कान तापले. त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. दगडूबा निर्दोष सुटले. बाहेर येऊन त्यांनी मला चहा पाजला आणि पावसापाण्याचं बोलत बसले. असा माणूस मला परत भेटायचा नाही.

परवा त्यांची बंदूक जमा करायला त्यांच्या पत्नीबरोबर, काकूंबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, अर्ज लागेल. काकूंनी पिशवीतून कागद काढला. अक्षर दगडूबांचं. ‘माझ्या पतीचे निधन झाले असून...’ तारखेची जागा तेवढी कोरी, आणि खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

‘काकू, माझंच नाव का?’

‘म्हनले, सचिवसाबाचा जबाब टिकतो.’

सही मी केली. तारीख घालताना मात्र रडू आलं.