कुठं करू सही?

मालनकाकूंसमोर कुठलाही कागद ठेवला की त्या आधी उजवा हात पदराला पुसायच्या, मग पेन मागायच्या आणि विचारायच्या, "कुठं करू सही?" कागद कसला आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. रेशनकार्डाचा असो, गॅसचा असो, नातवाच्या शाळेचा असो. मी बोट ठेवायचं आणि त्यांनी एकेक अक्षर कोरत 'मालन' लिहायचं. आडनावापर्यंत पोचेस्तोवर मागं रांग लागलेली असायची. "सातवी पास हाय मी, अंगठा लावणार न्हाई," हे मात्र त्या रांगेला दर वेळी ऐकवायच्या.

रहिमतपूरच्या एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दाखले, परीक्षांचे अर्ज, पासपोर्ट, म्हणाल ते. दिवसभर लोकांच्या जन्मतारखा टाइप करून करून आता मला माणसाच्या तोंडापेक्षा त्याचं आधारकार्ड आधी आठवतं. कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू? काकू आमच्याच गल्लीतल्या. माहेर कुंडलचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा संजय ऊस बघायचा आणि मुलगी रेखा लग्न करून परदेशात. कुठल्या देशात ते काकू सांगायच्या नाहीत, त्यांच्या लेखी ते नुसतं 'तिकडं' होतं. मीही इथं तिकडंच म्हणते.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर रेखाला दिवस गेले. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला साफ मनाई केली. मग माहेरच उठून तिकडं जायला निघालं. साडीच्या दुकानाच्या पिशवीत घरातले होते नव्हते ते कागद कोंबून काकू माझ्यासमोर येऊन बसल्या, चपला दाराबाहेर काढून. काकू, हे दुकान आहे, देऊळ नव्हे, असं मी कितीदा सांगितलं असेल! "सरसोती हाय की तुझ्या मशिनीत," म्हणायच्या.

व्हिसाचा अर्ज उघडला. प्रवासाचं कारण म्हणून मी 'पर्यटन व कुटुंबाची भेट' निवडलं आणि काकूंना वाचून दाखवलं.

"पर्यटन म्हंजे?"

"फिरायला जाणं."

"लेकीच्या बाळंतपणाला जाणं म्हंजे फिरायला जाणं व्हय गं? मी काय म्हाबळेश्वरला चाललीया?"

"काकू, या यादीत बाळंतपण नाही."

"यादी बाप्यानं केली असंल मग," त्या म्हणाल्या. पुढच्या गिऱ्हाइकाची बायको पदर तोंडाला लावून हसली.

पुढचा रकाना होता, स्वतःच्या नावावरची मालमत्ता. मी विचारलं, शेत? "संजूच्या नावावर. ह्यांच्या मागं मीच सही दिली. पोराला हेलपाटे कशाला?" घर? "समदं त्याचंच की." माहेरचं काही? काकू हसल्या. "भावाला हक्कसोड दिलीया. वडील गेले त्या वर्षी आप्पानं गाडी पाठवली, साड्या घेतल्या, पुरणपोळीचं जेवाण केलं. कचेरीत आमी तिघी भणी एका बाकावर बसलो आन् एकाच पेनानं सह्या केल्या. लय मज्जा आली."

मी रकान्यात 'काही नाही' भरलं. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेक बायांचं उत्तर तेच असतं.

बोटांचे ठसे द्यायला पुण्याला जायचं होतं. संजयच्या रानात ऊसतोड सुरू झालेली, टोळी सोडून त्याला हलता येईना. मग मीच दुकान बंद ठेवून सोबत गेले. तीन तास बाकावर बसून काढले. काकूंची बोटं मशीनवर उमटेचनात. तिथल्या मुलीनं ओलं फडकं दिलं, पुन्हा दाबायला लावलं, पुन्हा नाही. "शेणात घालून बघू का?" काकूंनी तिला सरळ विचारलं. "भिंतीवर लगीच उमटत्यात." चौथ्या की पाचव्या वेळी एकदाचे ठसे निघाले. परतीच्या एसटीत काकूंनी भाकरी-ठेचा काढला आणि माझ्या हातावर अर्धी भाकरी ठेवून त्या झोपून गेल्या.

महिन्याभरानं नकार आला. इंग्रजी पत्र होतं. मी मनात दोनदा वाचलं, मग काकूंना सांगितलं, "ते म्हणतात, तुम्हाला इथं बांधून ठेवणारं काही आहे अशी त्यांची खात्री पटत नाही. मुदत संपल्यावर तुम्ही परत याल असं त्यांना वाटत नाही."

काकूंना आधी ते कळेचना. "मी परत येणार न्हाई आसं कुणी सांगितलं त्यास्नी? माझी म्हस दुसऱ्या कुणाला धारंला बसू देत न्हाई. तिकडं ऱ्हाऊन मी करू काय?"

"म्हशीचा कागद नसतो, काकू."

"मग कशाचा आसतो?"

"शेताचा. घराचा. त्यावर तुमचं नाव पाहिजे."

त्यांनी सगळे कागद पुन्हा पिशवीत भरले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "म्हंजे चाळीस वर्सं हितं राबले, त्येचा कागूदच न्हाई म्हण की."

पुढचा शहाणपणा मीच केला. आप्पांना विचारू, म्हटलं, एखादा गुंठा तुमच्या नावावर लावतात का. काकू नको नको म्हणत होत्या. पण रेखाचे दिवस भरत आले होते, म्हणून त्या तयार झाल्या. आम्ही दोघी कुंडलला गेलो. आप्पांनी उठून बहिणीच्या पाया पडून स्वागत केलं, माणूस गोड. चहा आला. काकूंनी विषय काढला, तोही इतक्या हळू की मलाच तो पुन्हा नीट मांडावा लागला. आप्पा कपात बघत म्हणाले, "आक्का, हे घर तुझंच हाय, कवाबी ये. पर नाव लावायचं म्हंजे बाकीच्या दोघीबी म्हणतील. मग पुन्यांदा समदं उकरायचं व्हय?"

"न्हाई न्हाई," काकू घाईघाईनं म्हणाल्या, "म्या आपलं सहज इचारलं."

निघताना भावजयीनं पिशवीभर वांगी दिली. एसटीत काकू म्हणाल्या, "वांगी चांगली हायती गं. देठाला काटं हायती बघ." मला इतका राग आला, की मी रहिमतपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. आप्पांचा राग, त्या वांग्यांचा राग, आणि सगळ्यात जास्त काकूंचा.

रेखाला मुलगी झाली. घरातल्या मोबाइलवर काकूंना नीट दिसायचं नाही, म्हणून त्या सकाळी दुकानात यायच्या आणि मी मोठ्या पडद्यावर फोन लावून द्यायचे. तिकडं जावई बाळाला अंघोळ घालायचा आणि इकडं काकू माझ्या टेबलावर टॉवेलची गुंडाळी करून त्याला शिकवायच्या. "मानंखाली हात! आवं जावयबापू, मानंखाली! आता पालथी घ्या पायावर. आता कोमट हाय का बघा पाणी, आपल्या कोपरानं." दाखल्याला आलेले लोकही आपलं काम विसरून उभे राहायचे. एकदा फोन बंद झाल्यावर त्यांनी टॉवेल उलगडला, झटकला, घडी घातली आणि म्हणाल्या, "हाताला कायच लागलं न्हाई गं, शुभे." मी त्या दिवशी शटर लवकर ओढलं.

नातीला सहावा महिना लागला तेव्हाची गोष्ट. संजय एक टाइप केलेला कागद घेऊन दुकानात आला, मागोमाग काकू. संजय वाईट मुलगा नाही. आईच्या आधी कधी जेवायला बसत नाही. पण घाईत असतो, कायमचाच. "ताई, ह्याच्या दोन प्रती काढा. आई, तू सही कर, मला कारखान्यावर जायचंय."

काकूंनी हात पदराला पुसला. पेन मागितलं. मी सवयीनं बोट ठेवलं. पण काकूंचं लक्ष माझ्या बोटाकडं नव्हतं.

"वाच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काय लिवलंय ते वाच. वरनं."

मी वाचलं. राहतं घर अजून काकांच्याच नावावर होतं. त्यावर वारस म्हणून फक्त संजयचं नाव लावावं, आईची त्याला हरकत नाही, अशी संमती होती. व्हिसाच्या अर्जावेळी घर संजयचं आहे असं काकूंनी सांगितलं आणि मी मान डोलावली. घराचा उतारा मागायचं मला सुचलं नव्हतं. सोळा वर्षं लोकांचे कागद बघणारी बाई मी, कुंडलपर्यंत जाऊन वांगी घेऊन आले!

"म्हंजे हेच्यावर माझं नाव लागू शकतं?" काकूंनी विचारलं.

"लागू शकतं. तुमचं, संजयचं आणि रेखाचंही."

काकूंनी पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. "मग तसा कागूद कर."

संजय म्हणाला, "आई, अगं आपलं काय वेगळं हाय का?"

"न्हाई की," काकू म्हणाल्या. "म्हणून तर संगट नाव लाव म्हणतीया. तुज्या घरातनं मी जाणार न्हाई, बाबा. पर मी परत येणार हाय, हे त्या लोकास्नी घरानं सांगाय पायजे. माझं कुणी ऐकंना."

संजयचं तोंड उतरलं. मग त्यानं तो कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "करा ताई दुसरा." तो मोठ्यानं काही बोलला नाही, याबद्दल मी त्याला आजही मानते. त्या दिवशी तो कारखान्यावर गेला नाही. आईची सही पुरी होईपर्यंत शेजारी उभा राहिला.

नाव लागायला लागतो तेवढा वेळ लागला. पुन्हा अर्ज, पुन्हा पुणं, पुन्हा ती बोटं. त्या रकान्यात या वेळी मी 'राहते घर' असं भरलं. व्हिसा आला तेव्हा नात भिंतीला धरून चालायला लागली होती. बाळंतपण केव्हाच होऊन गेलं होतं. "आता खरंच फिरायला चाललीया," काकू म्हणाल्या. हसल्या नाहीत.

व्हिसाची मुदत संपायला अजून पंधरा दिवस असताना त्या परत आल्या. दुसऱ्याच दिवशी दुकानात, चपला बाहेर काढून. खूप थकलेल्या दिसत होत्या. नात पहिले चार दिवस त्यांच्याकडं आलीच नाही म्हणे. पाचव्या दिवशी पदर धरला आणि मग सोडला नाही. हे सांगताना त्यांना रडू आलं. मग डोळे पुसून त्यांनी पिशवीतून एक निळं पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. "तुझं एक पेन धड चालत न्हाई. हे घे. आन् एक ध्येनात ठेव, पेन दुसऱ्याचं आसलं तर चालंल, घाई दुसऱ्याची नगं."

पुढच्या थंडीत काकू गेल्या. चारच दिवस अंथरुणावर होत्या. रेखा तिसऱ्या दिवशी पोचली. तिनं दारावरची पाटी बघितली, काकांच्या नावाखाली 'मालन' लिहिलेली, आणि पायरीवरच बसली.

माझं माहेर खंडाळ्याचं. गेल्या वर्षी आमचे वडील गेले. परवा दादा गाडी घेऊन आला, माझ्यासाठी साडी आणि मिठाईचा पुडा घेऊन. त्याच्यासाठी चहा केला. चहा पिताना त्यानं पिशवीतून एक कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि आपल्या खिशातलं पेन माझ्यापुढं धरलं. "कुठं करायची तिथं फुली मारलीय," म्हणाला. माझा हात पदराकडं गेला, तेव्हा माझं मलाच कळलं. मी चष्मा लावला, कागद जवळ ओढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

"अगं, चहा गार होतोय," दादा म्हणाला.

"होऊ दे," मी म्हटलं.